होस्टिंगची निवड : दरापेक्षा परतीची वाट महत्त्वाची

‘डब्ल्यूपी इंजिन’ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर ज्यांची संकेतस्थळे होती, त्यांना २५ सप्टेंबर २०२४ रोजी एका वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागले. संकेतस्थळे सुरू होती, पाने उघडत होती, ऑनलाइन दुकानांतील खरेदीही चालू होती. मात्र नवे प्लगइन बसवण्याचा किंवा जुने अद्ययावत करण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला होता. हा तांत्रिक बिघाड नव्हता. ज्या ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वरून जगभरातील वर्डप्रेस संकेतस्थळांना अपडेट मिळतात, तेथील दरवाजे या एका कंपनीसाठी जाणीवपूर्वक बंद करण्यात आले होते. देखभालीची कटकट नको म्हणून जे ग्राहक जादा पैसे मोजत होते, नेमक्या त्यांच्याच देखभालीत खंड पडला होता.

संकेतस्थळ हे दुकानाच्या पाटीइतके आवश्यक झालेल्या काळात त्याची जागा कोणाकडे भाड्याने घ्यावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. लहान-मोठे उद्योग आणि त्यांच्यासाठी संकेतस्थळे घडवणाऱ्या क्रिएटिव्ह एजन्सी या दोघांनाही तो सोडवावा लागतो. ही निवड सहसा दरपत्रक, वेग आणि ‘२४ तास मदत’ या तीन निकषांवर होते. हे निकष चुकीचे नाहीत, पण ते अपुरे आहेत. सेवा देणाऱ्यावर संकट आले किंवा त्याच्याशी बिनसले, तर तेथून सुखरूप बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न करारापूर्वी क्वचितच विचारला जातो. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता तोच सर्वांत आधी विचारायला हवा.

जादा पैसे कशाचे?

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतील सामायिक नळ. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात, भाडे कमी असते आणि शेजाऱ्याने पाणी जास्त ओढले की आपली धार बारीक होते. मॅनेज्ड होस्टिंगमध्ये भाड्याबरोबर देखभालही येते. सॉफ्टवेअरचे अपडेट, रोजचा बॅकअप, सुरक्षेवर नजर, पाने झटपट उघडावीत म्हणून केलेली कॅशिंगची सोय आणि बदल करून पाहण्यासाठी मूळ संकेतस्थळाची चाचणी-प्रत, अशा गोष्टी त्यात अंतर्भूत असतात. साहजिकच दर अनेक पटींनी वाढतो.

हा व्यवसाय प्रामुख्याने वर्डप्रेसभोवती वाढला, यालाही कारण आहे. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेली ही मुक्त आज्ञावली आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. ती विनामूल्य आहे आणि हजारो प्लगइनमुळे हवी तशी वाढवता येते. तथापि जितकी प्लगइन जास्त, तितकी देखभालही जास्त. एक जुने प्लगइन अद्ययावत करायचे राहून गेले, तर घुसखोराला तेवढी फट पुरते. २०१० मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्थापन झालेल्या डब्ल्यूपी इंजिनने हीच चिंता वाहण्याचा व्यवसाय उभारला. ‘किन्स्टा’, ‘पँथिऑन’ आदी कंपन्याही याच क्षेत्रातील.

एजन्सीची गरज आणखी वेगळी असते. डिझाइन करणारा चार-पाच जणांचा स्टुडिओ वर्षाला वीस-पंचवीस संकेतस्थळे तयार करतो. पण त्या प्रत्येकाची पुढची देखभाल करण्यासाठी त्याच्याकडे माणूस नसतो. अमेरिकेतील ओमाहा शहरात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लायव्हील’ने नेमका हा वर्ग हेरला. ग्राहकाला दाखवण्यासाठी संकेतस्थळ आधी तयार करावे, पसंती मिळाली की भाड्याचे बिल थेट ग्राहकाच्या नावे वळवावे आणि सर्व संकेतस्थळे एकाच फलकावर दिसावीत, अशा तिच्या सोयी होत्या. डिझायनर मंडळींत ती लोकप्रिय झाली. स्वतःच्या संगणकावर वर्डप्रेस चालवून पाहण्यासाठी तिने दिलेले ‘लोकल’ हे साधन तर तिचे ग्राहक नसलेलेही वापरू लागले.

मालक बदलतो तेव्हा

फ्लायव्हील निवडणाऱ्या एजन्सींनी एक लहान, आपलीशी वाटणारी कंपनी निवडली होती. २०१९ मध्ये डब्ल्यूपी इंजिनने ती विकत घेतली. त्याआधी २०१८ मध्ये डब्ल्यूपी इंजिनमध्येच ‘सिल्व्हर लेक’ या गुंतवणूक संस्थेने २५ कोटी डॉलर ओतले होते. एजन्सींना लवचीक पर्याय देणारी ‘क्लाउडवेज’ २०२२ मध्ये ३५ कोटी डॉलरला ‘डिजिटलओशन’कडे गेली.

मराठी मुलखालाही हा अनुभव नवा नाही. मुंबईच्या ‘डायरेक्टी’ समूहाने उभारलेल्या ‘बिगरॉक’ आणि ‘रिसेलरक्लब’ या सेवांवर महाराष्ट्रातील असंख्य छोट्या उद्योगांची व त्यांना संकेतस्थळे करून देणाऱ्यांची भिस्त होती. २०१४ मध्ये त्या ‘एन्ड्युरन्स इंटरनॅशनल’ या अमेरिकी समूहाच्या ताब्यात गेल्या, आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्सचा वेब व्यवसाय व ‘वेब डॉट कॉम’ एकत्र येऊन ‘न्यूफोल्ड डिजिटल’ हा नवा समूह झाला. ग्राहकाने आपली जागा बदलली नाही. तरी त्याचा घरमालक दोनदा बदलला.

मालक बदलला म्हणजे सेवा बिघडलीच, असे नव्हे. काही वेळा मोठ्या समूहाच्या भांडवलाने सुधारणाही होते. मात्र दर, मदत-कक्षाची तत्परता आणि मर्यादांचे नियम ठरवणारे हात बदलतात, आणि त्या निर्णयात ग्राहकाला विचारात घेतले जात नाही. आजची गुणवत्ता पाहून केलेली निवड उद्याच्या मालकाला बांधून ठेवत नाही, एवढे तरी यातून दिसते.

भांडण दोघांचे, झळ तिसऱ्याला

२०२४ च्या वादाने मात्र याहून खोलवरचे परावलंबन उघड केले. मुलेनवेग यांची ‘ऑटोमॅटिक’ ही कंपनी २००५ पासून कार्यरत आहे. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’, ‘प्रेसेबल’ आणि ‘वर्डप्रेस व्हीआयपी’ या तिच्या सेवा होस्टिंगच्याच धंद्यात आहेत. म्हणजेच वर्डप्रेस प्रकल्पाचे नेते हे डब्ल्यूपी इंजिनचे बाजारातील प्रतिस्पर्धीही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंड येथील वर्डकॅम्प मेळाव्यात त्यांनी डब्ल्यूपी इंजिनवर जाहीर टीका केली. ही कंपनी मुक्त प्रकल्पातून भरपूर कमावते आणि परत अत्यल्प देते, असा तिचा सूर होता. लगोलग लिहिलेल्या लेखात त्यांनी तिला वर्डप्रेसला जडलेला कर्करोग म्हटले. व्यापारचिन्हाच्या वापरापोटी कंपनीने महसुलाच्या आठ टक्के रक्कम द्यावी किंवा तेवढ्या मोलाचे श्रम प्रकल्पाला पुरवावेत, अशी मागणी होती.

डब्ल्यूपी इंजिनने ही खंडणी असल्याचा आरोप केला. त्यानंतर २५ सप्टेंबरची बंदी आली. दोन दिवसांनी ती तात्पुरती उठली आणि १ ऑक्टोबरला पुन्हा लागू झाली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. दरम्यान तिने अपडेट पुरवण्याची स्वतःची पर्यायी व्यवस्था उभी केली, हे तिच्या तांत्रिक क्षमतेचे द्योतक म्हणावे लागेल. परंतु प्रकरण तेथे थांबले नाही. तिच्या मालकीचे ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगइन वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. १२ ऑक्टोबरला सुरक्षेचे कारण देऊन वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील त्याचे पान ताब्यात घेण्यात आले आणि त्याचे नामकरण ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ असे झाले. ज्यांचा डब्ल्यूपी इंजिनच्या होस्टिंगशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या संकेतस्थळांतही अशा रीतीने हा वाद शिरला.

१० डिसेंबर २०२४ रोजी न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी डब्ल्यूपी इंजिनच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. बंदी उठली आणि प्लगइनही परत मिळाले. मूळ वाद मात्र मिटला नाही. २०२५ मध्येही दोन्ही पक्ष परस्परांवर दावे-प्रतिदावे करत राहिले.

या भांडणात कोणाची बाजू न्याय्य, हा वेगळा विषय आहे. मुक्त आज्ञावलीतून नफा कमावणाऱ्यांनी तिच्या घडणीला हातभार लावावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि ती वसूल करण्यासाठी तिसऱ्याच्या संकेतस्थळाची सुरक्षा पणाला लावणे हे समर्थनीयही नाही. ग्राहकाच्या दृष्टीने धडा एवढाच की, आपली निवड निर्दोष असली तरी आपल्या होस्टिंग कंपनीचे दुसऱ्या कोणावर तरी असलेले अवलंबित्व आपल्यापर्यंत पोहोचते. अनेकांच्या सामूहिक मालकीचे वाटणारे वर्डप्रेस डॉट ऑर्ग प्रत्यक्षात मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत ताब्यात आहे, ही गोष्टही अनेकांच्या लक्षात आली ती या वादानंतरच. अशा वेळी एजन्सीच्या ग्राहकाचा दूरध्वनी ऑस्टिनला जात नाही. तो एजन्सीलाच येतो.

बॅकअप कोठे ठेवला आहे?

भांडणापेक्षा आग आणि घुसखोरी अधिक जुन्या आपत्ती. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ या बड्या युरोपीय कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळून गेली. नेटक्राफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ३६ लाख संकेतस्थळे त्यामुळे बंद पडली. अनेकांची प्रत दुसरीकडे होती, ते सावरले. काहींचा बॅकअप त्याच आवारात होता. तो मूळ माहितीबरोबरच गेला. बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजलेल्या एका फ्रेंच कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ मध्ये लिल येथील न्यायालयाने तिला भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळू शकते. जळालेली माहिती मिळत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या ‘क्लाउडनॉर्डिक’वर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे सर्व्हर हलवले जात असताना त्यांतील काही आधीच बाधित होते, आणि ते अंतर्गत व्यवस्थापनाच्या जाळ्याला जोडले गेल्यामुळे हल्लेखोरांना मूळ सर्व्हर व बॅकअप दोन्ही कुलूपबंद करता आले. कंपनीने खंडणी दिली नाही. बहुसंख्य ग्राहकांची सर्व माहिती गेल्याचे तिला जाहीर करावे लागले.

‘गोडॅडी’च्या मॅनेज्ड वर्डप्रेस सेवेतील घुसखोरी ६ सप्टेंबर २०२१ पासून सुरू होती, ती १७ नोव्हेंबरला लक्षात आली. सुमारे १२ लाख ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघडे पडले आणि काहींचे पासवर्डही. नावात ‘मॅनेज्ड’ असले म्हणून घुसखोर आल्या पावली परत जात नाही.

या तिन्ही घटनांतून निवडीचा पहिला व्यावहारिक निकष निघतो. ‘रोज बॅकअप घेतला जातो’ एवढे आश्वासन पुरेसे नाही. तो त्याच इमारतीत आहे की दुसऱ्या शहरात, त्याच पासवर्डच्या आवाक्यात आहे की बाहेर, किती दिवसांचा जपला जातो आणि ग्राहकाला तो स्वतः उतरवून घेता येतो की नाही, ही चौकशी करायला हवी. फाइल्स आणि डेटाबेस अशा दोन्हींची एक प्रत होस्टिंग कंपनीच्या पूर्णतः बाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

आकड्यांमागील अर्थ

दरपत्रकातील आकडेही नीट वाचावे लागतात. ‘९९.९ टक्के अखंड सेवा’ हे शब्द भारदस्त वाटतात. पण ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे संकेतस्थळ बंद राहिले तरी वचनभंग होत नाही, असा आहे. ९९.९९ टक्क्यांना हीच सवलत चार मिनिटांवर येते. दिवाळीच्या विक्रीच्या दिवशी ४३ मिनिटे आणि पावसाळ्यातील एखाद्या रात्रीची ४३ मिनिटे सारखी नसतात. वचन मोडल्यास बहुधा पुढील बिलात थोडी सूट मिळते. बुडालेल्या विक्रीची भरपाई नव्हे. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल तर बऱ्याच करारांत या हिशेबातून वगळलेली असते.

अनेक कंपन्या भाडे ठरवताना महिन्याच्या भेटींची मर्यादा घालतात. एका कंपनीची ‘भेट’ आणि दुसरीची ‘भेट’ यांची व्याख्या मात्र एक असेलच असे नाही. शोधयंत्रांचे आणि इतर स्वयंचलित कार्यक्रमांचे फेरे त्यात धरले जातात का, मर्यादा ओलांडल्यास संकेतस्थळ बंद होते की जादा आकारणी होते, हे आधी कळले नाही तर यशस्वी जाहिरात मोहीमच महाग पडते.

संकेतस्थळाचा प्रकारही निर्णायक ठरतो. एखाद्या वास्तुविशारदाच्या कामांची ओळख करून देणारी पाने सर्वांना सारखीच दिसतात. ती एकदा तयार करून कॅशमधून हजारोंना देता येतात. ऑनलाइन दुकानातील खरेदीची टोपली मात्र प्रत्येकाची निराळी. ती दर वेळी सर्व्हरला नव्याने रचावी लागते, आणि एका वेळी किती विनंत्या हाताळल्या जातील यावर स्वस्त योजनांत बंधन असते. म्हणूनच पहिल्या प्रकारच्या संकेतस्थळाला उत्तम ठरलेली योजना दुसऱ्यासाठी ऐन गर्दीत कोलमडू शकते. सर्व्हर ग्राहकवर्गाच्या जवळ असणेही तितकेच हिताचे. अमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केल्यापासून महाराष्ट्रातील वाचकासाठीचे संकेतस्थळ व्हर्जिनियात ठेवण्याची सक्ती उरलेली नाही.

कायद्याची नवी बाजू

भारतात आता या निवडीला कायद्याचेही परिमाण लाभले आहे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत त्याची माहिती देणे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्याचा रोख स्पष्ट आहे. ग्राहकांची माहिती गोळा करणारा उद्योग तिच्यासाठी उत्तरदायी राहतो, मग ती सांभाळण्याचे काम त्याने कोणाही कंपनीला दिलेले असो. वाजवी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

पुण्यातील एखाद्या दवाखान्याच्या संकेतस्थळावर रुग्ण आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक भरून वेळ घेत असतील, तर ‘आमचे सर्व्हर परदेशी कंपनी पाहते’ हे उत्तर यापुढे चालणार नाही. होस्टिंग कंपनी घुसखोरीची खबर किती तासांत देईल आणि मागितल्यास नोंदी हाती ठेवेल का, हे करारात लिहून घेणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

किल्ल्या कोणाच्या हाती?

सरतेशेवटी प्रश्न उरतो तो उद्योग आणि एजन्सी यांच्यातील विश्वासाचा. छोट्या उद्योगाचे डोमेन पुष्कळदा एजन्सीच्या खात्यातून, एजन्सीच्या ई-मेलवर नोंदवलेले असते. संबंध गोडीचे असतात तोवर हे सोयीचे वाटते. एजन्सी बंद पडली, भागीदार वेगळे झाले किंवा बिलावरून वाद झाला, की दहा वर्षे जोपासलेले नाव परक्याच्या तिजोरीत असल्याचा साक्षात्कार होतो. डोमेन उद्योगाच्या नावावर, होस्टिंगचे मुख्य खाते उद्योगाचे आणि एजन्सीला कामापुरता प्रवेश, ही रचना दोघांच्याही हिताची आहे. काही तासांचे काम तिने वाढते. पण संकटाच्या दिवशी कोणाकडे बोट दाखवायचे हा प्रश्नच उद्भवत नाही.

शक्यतो डोमेन, ई-मेल आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे ठेवू नये. डब्ल्यूपी इंजिन, फ्लायव्हील, किन्स्टा यांसारख्या कंपन्या ई-मेलची सेवा देतच नाहीत, त्यामुळे ही विभागणी तेथे आपोआप होते. डोमेन वेगळ्या ठिकाणी असेल तर होस्टिंग कंपनी कोलमडली तरी त्याचा रोख दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतो, आणि बॅकअपची प्रत हाताशी असेल तर एका दिवसात दुकान पुन्हा उघडता येते. होस्टिंग कंपनीने आपल्याच पद्धतीने बसवलेले कॅशिंग आणि पत्ते वळवण्याचे नियम मात्र बरोबर येत नाहीत. त्यांची नोंद आधीपासून ठेवलेली बरी.

कोणती कंपनी सर्वोत्तम, याचे एकच उत्तर संभवत नाही. वीस ग्राहकांची एजन्सी, एकच दुकान चालवणारा व्यापारी आणि लाखो वाचकांचे नियतकालिक यांची गरज एक नाही. पण एक चाचणी तिघांनाही लागू पडते. पूर्ण वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी एखादे लहान संकेतस्थळ त्या कंपनीकडे न्यावे, महिनाभर चालवावे आणि मग कोणाचीही मदत न घेता ते दुसरीकडे हलवून पाहावे. वेग, मदत-कक्ष आणि दर यांची पारख महिनाभरात होतेच. शेवटच्या दिवशी कळते ते अधिक मोलाचे असते. ज्या कंपनीतून बाहेर पडणे सोपे गेले, तिच्याकडे निर्धास्तपणे राहावे. जिथे बाहेर पडतानाच दमछाक झाली, तेथील दर कितीही कमी असो, त्याची खरी किंमत अजून चुकवायची राहिलेली असते.